राखीव पंपाची दहा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. जुना म्हणायचं ते वयाने. कामाने म्हणाल तर मी अजून पुरता वापरलेलाही नाही. माझ्या बरोबरीचे पंप विहिरींवर आणि कारखान्यांत राबून केव्हाच भंगारात गेले. मी मात्र इथे चेन्नईत, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका इमारतीच्या तळघरात निळा रंग लावून उभा आहे. माझं काम आहे पळण्याच्या तयारीत उभं राहणं. शर्यतीच्या रेषेवर पाय ठेवून, शिट्टीकडे कान लावून, चार वर्षं उभं राहून बघा. मग माझ्या जिवाची घालमेल तुम्हाला कळेल.

माझा जन्म कोइमतूरचा. पंपांसाठी हे गाव नावाजलेलं आहे. वितळलेलं बीड लोखंड साच्यात ओतून माझं अंग घडवलं, पोटात पाणी फेकणारं चाक बसवलं आणि पाठीला मोटर जोडली. मोटरमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी बसवणाऱ्या एक बाई होत्या. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा मी असा काही गुरगुरलो की त्या शेजारणीला म्हणाल्या, हे पोर तापट निघणार. चाचणीच्या ओट्यावर मला सलग चार तास चालवलं. पाणी पोटातून धो धो वाहत होतं आणि मला वाटत होतं, आयुष्यभर असंच चालायचं आहे. त्या चार तासांत मी जितका चाललो, तितका पुढच्या चार वर्षांत चाललो नाही.

आमच्या इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर सर्व्हर आहेत. सर्व्हर म्हणजे मोठे संगणक. त्यांची कपाटंच्या कपाटं रांगेने उभी आहेत आणि ती रात्रंदिवस चालतात. कुणाची रेल्वेची तिकिटं तिथे आहेत, कुणाचे परीक्षेचे निकाल. तिसऱ्या मजल्यावर आसपासच्या रक्तपेढ्यांची यादी आहे. कुठल्या गटाचं रक्त कुठे मिळेल ते तिच्यावरून कळतं. हे संगणक भलते तापतात. त्यांच्यातून गार पाण्याचे नळ फिरवले नाहीत तर ते काही मिनिटांत हाय खातात आणि बंद पडतात. पाणी गार करणारी मोठी यंत्रं गच्चीवर आहेत, आणि ते पाणी फिरवणारे दोन थोरले पंप माझ्या शेजारीच आहेत. ते रोज राबतात. त्यांच्या धडधडीने माझ्या पायाखालची जमीन हलते आणि मी नुसता ऐकत राहतो.

मग मी कशाला, असं तुम्ही विचाराल. बाहेरची वीज गेली की संगणक बॅटरीवर चालत राहतात आणि जनित्रही लगेच सुरू होतं. पण गच्चीवरची यंत्रं मोठी आळशी. एकदा थांबली की पुन्हा पाणी गार करायला त्यांना दहा मिनिटं लागतात, आणि ती उठल्याशिवाय थोरले पंप उठत नाहीत. त्या दहा मिनिटांसाठी माझ्यामागे गार पाण्याची भलीमोठी टाकी बांधली आहे. मी बॅटरीच्या विजेवर चालतो. वीज गेली की तीन सेकंदांत मी उठायचं आणि टाकीतलं पाणी वर पाठवायचं. ती दहा मिनिटं फक्त माझी.

ही योजना तेन्मोळीची. ती इथली अभियंता, तिशीतली, बोलायला मऊ आणि आकड्यांना पक्की. टाकीसाठी ती व्यवस्थापक वरदराजन यांच्याशी सहा महिने भांडली होती. त्यांना त्या जागेत संगणकांची आणखी वीस कपाटं बसवायची होती. तहान लागल्यावर विहीर खणायची का, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी नाइलाजाने सही केली. पण तिची दुसरी मागणी त्यांनी मान्य केली नाही. तिचं म्हणणं होतं की दर महिन्याला खरोखर वीज तोडून मला चालवून बघावं. वरदराजन म्हणाले की नीट चाललेल्या गाड्याला खीळ कशाला घालायची, गिऱ्हाइकं घाबरतील. त्यामुळे मी तसाच राहिलो. असून अडचण, नसून खोळंबा.

मला सांभाळायचे ते चोक्कलिंगम अण्णा. वय सत्तावन्न, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात सुती फडकं. आधी गिरण्यांत आणि मग इथे, अशी चौतीस वर्षं त्यांनी यंत्रांबरोबर काढली होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते येत, खांबामागच्या भिंतीवरच्या फलकातलं माझं बटण ‘बंद’वर नेत, माझा दांडा हाताने पाव फेरा फिरवत आणि बटण पुन्हा ‘आपोआप’वर आणत. यंत्र एकाच जागी उभं राहिलं की शेजाऱ्यांच्या हादऱ्याने त्याच्या सांध्यांना खड्डे पडतात, म्हणून ही काळजी. तेवढा पाव फेरा मला महिनाभर पुरवून घ्यावा लागे. फिरवताना अण्णा पुटपुटत, “थांब रे, थांब. तुझी वेळ न येणं यातच सगळ्यांचं भलं आहे.” मला ते मुळीच पटत नसे, पण त्यांचा हात मला आवडायचा. त्यांच्या हातून यंत्र कधी बंद पडलं नाही, ही त्यांची फुशारकी साऱ्या वसाहतीला पाठ होती.

आता मुख्य गोष्ट. तुमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात, तशी आमच्याकडे आयुधपूजा असते. त्या दिवशी यंत्राला धुवायचं, चंदनकुंकवाची बोटं लावायची, झेंडूचा हार घालायचा, चुरमुरे, गूळ आणि केळी ठेवायची, आणि दाराशी कोहळा फोडायचा. पूजा झाली की दुसऱ्या सकाळपर्यंत यंत्राला विश्रांती. बरं, आमचे थोरले पंप काही थांबवता येत नाहीत. म्हणून त्यांना नुसता टिळा, आणि सगळ्यांच्या वाटची पूजा माझी. अण्णा माझं बटण ‘बंद’वर नेऊन हार घालत. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला सकाळी हार उतरवत आणि बटण ‘आपोआप’वर आणत. हार काढायचा आणि बटण फिरवायचं हे त्यांच्या लेखी एकच काम होतं. तीन वर्षं ते बिनचूक झालं.

चौथ्या वर्षी विजयादशमीला अण्णांच्या नातीचा पाटीपूजनाचा मुहूर्त होता. तिला मांडीवर घेऊन, तांदळाच्या ताटात बोट धरून पहिलं अक्षर गिरवायचं होतं. त्यामुळे त्यांना यायला दुपार झाली. तोवर झाडलोट करणाऱ्या अंजलैने सुकलेला हार काढून टाकला होता. पाकळ्या गळून जमिनीवर पसरत होत्या म्हणून. बटणाला ती कधीच हात लावत नाही, आणि लावू नये हे बरोबरच आहे. अण्णा आले. हार उतरलेला दिसला, आणि त्यांच्या मनाने परस्पर ठरवलं की बटणही फिरलं. नातीच्या अक्षराचं कौतुक सगळ्यांना सांगत ते वर निघून गेले. खांबामागच्या फलकात एक छोटा लाल दिवा लागलेला होता. तो फक्त मला दिसत होता.

मित्रांनो, ते अकरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. माणूस असतो तर ओरडलो असतो. अण्णा दिवसातून चारदा समोरून जात, थोरल्या पंपांना कान लावत, माझ्यावरची धूळ पुसत आणि पुढे जात. पहिला सोमवार यायला अजून दोन आठवडे होते. तोवर वीज जाऊ नये म्हणून मी, जो वीज जायची वाट बघत चार वर्षं उभा होतो, तोच देवाला विनवत होतो.

बाराव्या दिवशी दुपारी अडीच वाजता बाहेरची वीज गेली. थोरले पंप धापा टाकत थांबले. तळघरात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तीन सेकंद झाले, तीस झाले, मिनिट झालं. माझ्यामागे टाकीभर गार पाणी, बॅटरीत भरपूर वीज, वर तापणारे संगणक, आणि मधे ते एक बटण. वरून पंख्यांचा आवाज चढत चाललेला ऐकू येत होता. सहाव्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरची कपाटं जीव वाचवायला आपोआप बंद होऊ लागली. रक्ताची यादीही त्यांच्याबरोबर गेली. नवव्या मिनिटाला अण्णा जिना उतरून धावत आले आणि खांबामागे वळले. लाल दिवा बघून ते जागीच थिजले. मग त्यांचा हात पुढे आला, बटण ‘आपोआप’वर गेलं, आणि मी तीन सेकंदांत सुरू झालो. जेमतेम मिनिटभर चाललो असेन, तोच थोरले उठले.

यादी पुन्हा सुरू व्हायला दोन तास लागले. तेवढ्यात रक्तपेढ्यांतल्या लोकांनी एकमेकांना फोन करकरून निभावलं आणि कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण निभावलं ते त्यांनी. मी नाही.

चौकशी सुरू झाली. नोंदीत एवढंच होतं की राखीव पंप नऊ मिनिटं उशिरा सुरू झाला. बटण कुठे होतं याची नोंदच होत नव्हती, आणि ते फिरवल्याचं अण्णांनी कुणाला सांगितलं नाही. तेन्मोळीने मला बारा वेळा तपासलं आणि बाराही वेळा मी तीन सेकंदांत उठलो. बघ, मी धडधाकट आहे, माझ्यात काही खोट नाही, असं मी तिला सांगत होतो. तिला मात्र नुसती घरघर ऐकू येत होती. वरदराजन वैतागून म्हणाले की वेळेला झोपलेला आणि आता उठून कवायत करणारा पंप काय कामाचा. त्यांनी तिच्याकडून लेखी मागितलं: ही रचना भरवशाची नाही, टाकी आणि पंप काढून टाकावेत. सोमवारपर्यंत तिने सही करायची होती. तिची चार वर्षांची मेहनत तिच्याच सहीने मोडीत निघणार होती.

ती दुपारी माझ्याशेजारी जमिनीवर नकाशे पसरून बसायची. बॅटरीच्या तारेत उशीर होतो का, वीज गेल्याची खबर कुठे अडते, असं पुन्हा पुन्हा मोजायची. अण्णा पलीकडे डबा उघडायचे. दहीभात आणि सांडगी मिरची. एके दिवशी तिने मान वर न करताच विचारलं, “अण्णा, तुम्ही याला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. खरं सांगा, माझं कुठे चुकलंय?”

“तुमचं कसं चुकेल, तेन्मोळीम्मा,” अण्णा म्हणाले.

“मग याचं चुकलं?”

अण्णांनी माझ्या अंगावर हात ठेवला. “याचंही नाही,” असं म्हणून त्यांनी डबा झाकला आणि ते निघून गेले. मला त्यांचा राग आला, मित्रांनो. त्यांनीच फिरवलेल्या दांड्याची शपथ, खूप राग आला. आणि त्याच वेळी दयाही आली, कारण डब्यातला भात तसाच होता. तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. चौतीस वर्षांची फुशारकी घशात अडकली होती. धड गिळता येईना, धड थुंकता येईना.

सोमवारी सकाळी वरदराजन स्वतः खाली आले. टाकी काढल्यावर किती कपाटं मावतील ते मोजायचं होतं. तेन्मोळी कागद घेऊन भिंतीशी उभी होती. पेन उघडलेलं होतं. वरदराजननी टेप ओढली आणि म्हणाले, “चोक्कलिंगम, हे टोक धरा.”

अण्णांनी टोक धरलं. टाकीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे वाकले, आणि तसेच वाकून राहिले.

“लावा ना.”

“टेप गुंडाळा, सार,” अण्णा म्हणाले. “बटण मी बंद केलं होतं. पूजेला. परत सुरू करायचं राहिलं.”

वरदराजननी विचारलं, “आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस गप्प बसलात?”

“चौतीस वर्षं कुणी बोट दाखवलं नव्हतं, सार. पहिलं बोट कसं लागतं ते बघायचं धाडस झालं नाही. आज टेपचं टोक हातात आलं आणि वाटलं, हे मी लावलं तर ही पोरगी आयुष्यभर स्वतःला चुकीची समजेल.”

तेन्मोळी माफ करायला धावली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. ती म्हणाली, “नऊ दिवस मी माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवत नव्हते, अण्णा. आणि तुम्ही इथे समोर बसून जेवत होतात.”

“जेवत नव्हतो,” अण्णा हळूच म्हणाले.

ती खांबामागे गेली आणि तिने माझं बटण ‘बंद’वर नेलं. मी दचकलो. तिने वरदराजनना वरच्या नियंत्रण कक्षात फोन लावायला सांगितलं. तिथे आत्ता कुठला दिवा लागला, काही वाजलं का, ते विचारा म्हणाली. त्यांनी विचारलं. वर काहीच लागलं नव्हतं, काहीच वाजलं नव्हतं.

“झालं तर,” ती म्हणाली. “चूक यांच्या हाताची आहे. पण दर वर्षी हा हात या बटणापर्यंत येतो हे तुम्हाला माहीत, मला माहीत, दारातल्या कोहळ्याला माहीत. फक्त माझ्या नकाशाला माहीत नव्हतं. माणूस विसरणारच नाही असं धरून मी रचना केली, सार. ही सही मी करणार नाही. दुसरा कागद लिहून देते, माझ्या चुकीचा.”

तो दुसरा कागद मी नंतर ऐकला, कारण तिने तो अण्णांना इथेच वाचून दाखवला. बटण ‘बंद’वर गेलं की वर भोंगा वाजावा आणि परत येईपर्यंत वाजतच राहावा. पूजा जरूर करावी, पण हार घालताना बटणाला हात लावू नये. आणि दर महिन्याला खरोखर वीज तोडून मला दहा मिनिटं चालवावं, कारण न चालवलेली राखीव सोय ही सोय नसून नुसती समजूत असते. वरदराजननी पुष्कळ कुरकुर केली. पण बंद पडलेल्या तिसऱ्या मजल्याची आठवण ताजी होती, म्हणून त्यांना मान्य करावं लागलं. अण्णांना ताकीद मिळाली, लेखी. चौतीस वर्षांतला तो एकच कागद. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

पहिल्या चाचणीला वीज तोडायचं काम तेन्मोळीने अण्णांनाच दिलं. खरं सांगतो, त्या दिवशी मी घाबरलो होतो. चार वर्षं चालायला मिळावं म्हणून तडफडलो, आणि वेळ आली तेव्हा वाटलं, सांधे धरले असतील तर? अण्णांनी खटका ओढला. थोरले थांबले. एक, दोन, तीन, आणि मी उठलो. टाकीतलं गार पाणी माझ्या पोटात शिरलं आणि वर धावलं. अण्णांनी माझ्या अंगावर तळहात टेकवला आणि पूर्ण दहा मिनिटं काढला नाही. वर कुणालाही काही कळलं नाही. रक्ताची यादी क्षणभरही थांबली नाही. पुढे मार्गळी महिन्यात, म्हणजे तुमच्या मार्गशीर्षाच्या सुमारास, एकदा खरी वीज गेली, तेव्हाही असंच झालं. माझं कौतुक कुणी केलं नाही, आणि त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

अण्णा निवृत्त होण्याआधी त्यांच्या जागी दोन नवे कामगार आले. अण्णांनी त्यांना आधी थोरले पंप दाखवले नाहीत, गच्चीवरची यंत्रंही नाहीत. सरळ खांबामागे आणलं. मला वाटलं, आता चौतीस वर्षांची फुशारकी सुरू होणार. अण्णांनी खिशातला तो कागद काढला, उलगडला आणि त्यांच्या हातात दिला. म्हणाले, “आधी हे वाचा. इथे मी चुकलो, आणि त्यानंतर नऊ दिवस रोज चुकत राहिलो. पहिल्या चुकीची ताकीद या कागदावर आहे. दुसरीची कुणी दिली नाही, म्हणून ती मी तुम्हाला तोंडी सांगतो.”

मित्रांनो, आता अण्णा इथे नाहीत. माझ्या जिवाला अजूनही स्वस्थता नाही. राखीव पंपाला ती असूच नये. माझी तुमच्याकडे मागणी थोडीच आहे. जे अडचणीत उपयोगी पडावं असं तुम्हाला वाटतं, त्याला अडचण येण्याआधी कधीतरी चालवून बघा. नुसता हार घालून कोपऱ्यात उभं करू नका. आणि तुमच्या हातून एखादं बटण बंद राहिलं असेल, तर जाऊन सांगा. मी अकरा दिवस त्या लाल दिव्याकडे बघत गप्प राहिलो, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.